येरवड्यातून सुटलेला लातूरचा वकील

1957 सालचा सप्टेंबर. तुम्ही पुण्यात येरवडा तुरुंगासमोर उभे आहात. दरवाजातून पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बाहेर येतो. नऊ वर्षांपूर्वी या माणसाचे फोटो देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून येत होते: निमुळती दाढी, डोक्यावर टोपी, बोलताना हवेत उठलेला हात. सय्यद कासीम रझवी. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांचा सेनापती आणि त्याआधी लातूरच्या कोर्टातला वकील. त्याला सोडताना सरकारने अट घातली आहे, 48 तासांत हिंदुस्थान सोडून पाकिस्तानात जायचे.

ज्या राज्यासाठी त्याने एवढा रक्तपात घडवला, ते राज्य आता उरलेले नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबादचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात, आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. म्हणजे तो ज्या तुरुंगातून सुटतो आहे तो तुरुंग आणि त्याचे लातूर आज एकाच राज्यात आहेत.

तुम्ही त्याच्या मागोमाग हैदराबादेत येता. जुन्या सहकाऱ्यांची बैठक बसली आहे. इत्तेहादुल मुसलमीन या मुसलमानांच्या राजकीय संघटनेची धुरा कुणी घ्यायची, एवढाच विषय. एके काळी ज्याच्या एका हाकेवर गावोगावचे तरुण खाकी चढवत होते, त्याच्यासमोर आता माणसे खाली मान घालून बसली आहेत. हैदराबादच्या मुसलमानांनी नऊ वर्षांत जे भोगले, त्यानंतर हे ओझे कुणाला नको आहे. शेवटी अब्दुल वाहेद ओवैसी या वकिलाकडे सूत्रे जातात. रझवीचे कुटुंब आधीच पाकिस्तानात पोचलेले आहे. तोही जातो. 15 जानेवारी 1970 ला कराचीत तो वारला. मधल्या बारा वर्षांत तिथल्या राजकारणात त्याचे नाव कुठे गाजले नाही.

आपल्याला मात्र त्याच्याबरोबर कराचीला जायचे नाही. लातूरला जायचे आहे, आणि काळात मागे.

बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडी, बार्शी करत तुम्हाला लातूरला आणते. हा रूळ 1911 मध्ये इथवर आला आणि लातूरचे दिवस पालटले. स्टेशनवर उतरलात की आधी नाकात शिरतो तो करडईच्या तेलाचा आणि तागाच्या पोत्यांचा वास. गाड्यांच्या मागे चालत राहा, गंज गोलाईत पोचाल. 1917 साली फय्याजुद्दीन यांनी आखलेला हा वर्तुळाकार बाजार आहे आणि त्याला सोळा रस्ते येऊन मिळतात. चारी दिशांच्या गावांतून माल येतो तो इथे: तूर, ज्वारी, भुईमूग, कापूस. आडतीवर लिंगायत आहेत, मारवाडी आहेत, गुजराती आहेत, आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या पेढ्या आहेत. हिशोब चालतो तो हाली रुपयांत, कारण ही निजामाची मोगलाई आहे. इंग्रजांचा कलदार बार्शीच्या अलीकडे दुसऱ्या मुलखाचा पैसा.

आता कोर्टाच्या आवारात या. झाडाखाली औशाकडचा एक शेतकरी उकिडवा बसला आहे. जमिनीच्या दाव्याचा कागद त्याच्या हातात आहे, तो त्याने उलटा धरला आहे आणि ते त्याला कळलेले नाही, कारण कागद उर्दूत आहे. राज्यातली बहुसंख्य जनता तेलुगू, मराठी आणि कानडी बोलते. कचेरी, कोर्ट, पोलीस, वरच्या शाळा, सगळे उर्दूत चालते. हा शेतकरी वाट बघतो आहे ती वकीलसाहेबांची. वकील अलीगढला शिकून आलेला, बोलण्यात तरबेज, लातूरच्या इत्तेहादचा म्होरक्या. आपली मालमत्ता त्याने संघटनेला देऊन टाकली आणि अनुयायांनी त्याला ‘सिद्दीक-ए-दख्खन’ म्हणायला सुरुवात केली. तो स्वार्थी पुढारी नव्हता, हे समजून घ्या. लुटारू असता तर एवढे नुकसान करू शकला नसता. त्याचा स्वतःच्या म्हणण्यावर पूर्ण विश्वास होता.

त्याचे म्हणणे काय होते? निजाम हा एकटा राजा नव्हे, हैदराबादचा प्रत्येक मुसलमान इथला राजा आहे आणि निजाम त्या राजेपणाची खूण आहे. इत्तेहादची ही शिकवण रझवीच्या आधीपासूनची. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला, पोलिसातल्या शिपायाला, बेकार हिंडणाऱ्या पोराला ती ऐकून छाती फुगवता येत होती. पण राज्यात दीड कोटीहून जास्त लोक, त्यांत मुसलमान साधारण आठात एक. उद्या मतपेटी आली तर काय, ही धास्ती त्या शिकवणीच्या खाली सतत धुमसत होती. धास्ती खोटी नव्हती. तिच्यावर जो उपाय त्याने सांगितला, त्याने आठातल्या त्या एकाचेच घर पेटले.

बहादूर यार जंग हा इत्तेहादचा मोठा नेता 1944 मध्ये अचानक वारला. दोन-तीन वर्षांत लातूरचा हा वकील अध्यक्षपदी पोचला आणि रझाकार ही स्वयंसेवकांची फळी त्याने लष्करी थाटाची केली.

तेव्हाच तिकडे नांदेड जिल्ह्यात काय चालले आहे तेही बघून या. 1946 चा ऑक्टोबर, बिलोली तालुक्यातले अर्जापूर. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना इथे मारून टाकले. (2015 साली कोल्हापुरात ज्यांचा खून झाला ते कॉम्रेड गोविंद पानसरे वेगळे. नाव एक, मरण एकाच जातीचे.) स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या माणसांना आता कळून चुकले की सत्याग्रह, पत्रके, सभा यांच्यावर थांबता येणार नाही.

1947 उजाडते. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र होतो, निजामाचे संस्थान बाहेर राहते. 27 ऑक्टोबरच्या पहाटे तुम्ही हैदराबादेत आहात. पंतप्रधान असलेले छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद हिंदुस्थानाशी करायचा जैसे थे करार घेऊन दिल्लीला निघणार आहेत. त्यांच्या घरांना इत्तेहादच्या हजारोंच्या जमावाने गराडा घातला आहे. विमान जात नाही. निजाम माघार घेतो, छत्तारी राजीनामा देतात, पुढे मीर लायक अली पंतप्रधान होतात. तालुक्याच्या गावातला एक वकील राज्याची वीण उसवतो, आणि गादीवर बसलेला जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक माणूस ते बघत बसतो. माझ्या मते हैदराबादचा पुढचा सगळा नाश त्या पहाटेच ठरला. जैसे थे करार 29 नोव्हेंबरला झाला, पण तोवर निर्णय घेणारे हात बदलले होते.

सभा ऐकायची असेल तर 1948 च्या उन्हाळ्यातली ऐका. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशी वाक्ये त्याच्या तोंडी तेव्हाच्या वृत्तांतांत आहेत. मैदानावरची गर्दी ओरडते आहे. तुम्ही मागच्या रांगेत एका विणकराशेजारी उभे आहात. तो ओरडत नाही. नुसता बघतो आहे आणि मधूनच इकडेतिकडे नजर टाकतो, आपण ओरडत नाही हे कुणी बघितले तर नाही ना.

आता तिथून निघा. लातूरच्या पश्चिमेला, बार्शीच्या हद्दीच्या अलीकडे एका गावात या. मे महिना आहे. माळवदाच्या घरांवर ऊन मी म्हणते आहे. शिवारात काही नाही, कडब्याच्या गंजी आहेत तेवढ्याच. एका गोठ्यात म्हातारी गव्हाणीखालची माती उकरते आहे. फडक्यात बोरमाळ आहे, चार पुतळ्या आहेत. ती खड्ड्यात ठेवते, वर माती दाबते, वर शेण सारवते आणि त्यावर वैरण टाकते. नातीला परवाच रात्री बैलगाडीने बार्शीला मामाकडे पोचवले आहे.

“आज्जे, तू गेली न्हाईस?” तुम्ही विचारता.

“म्या कुठं जाऊ बापू? जनावरं हैत. आन् मला नेऊन रजाकार करत्यात काय?”

दुपारी मोटार ट्रक येतो. चावडीसमोर पाटील उभा आहे, धोतराच्या सोग्यात हाली रुपये बांधलेले. हा महिन्याचा हप्ता आहे. रझाकारांची रीत सगळीकडे अशीच होती, हे नंतर चौकशीला आलेल्या पंडित सुंदरलाल समितीनेही नोंदवून ठेवले: दर गावावर महिन्याची रक्कम बसवायची. गावाने मुकाट दिली तर बहुधा तेवढ्यावर निभावते. दिली नाही तर लूट. लुटीला विरोध केला तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार, पळवापळवी. पाटील पैसे मोजून देतो. ट्रकवरचा पोरगा पुन्हा मोजतो. विशीच्या आतबाहेरचा आहे, भरमार बंदूक त्याच्या खांद्यावर नीट राहत नाही. दोन रुपये कमी भरतात. सगळे गप्प. पाटील कनवटीतून दोन रुपये काढतो. ट्रक जातो.

या गावाचे त्या दिवशी निभावले. पुढच्या महिन्यात निभावेलच असे नाही, म्हणून रात्री आणखी तीन गाड्या बार्शीकडे निघतात. त्या वर्षी मराठवाड्याच्या हद्दीलगतची गावेच्या गावे अशी ओस पडली. बार्शी, सोलापूर, उमरखेड इथे निर्वासितांची गर्दी झाली आणि त्यांच्यातूनच स्टेट काँग्रेसचे सीमेवरचे कॅम्प उभे राहिले.

त्या कॅम्पांतल्या तरुणांनी 30 जानेवारीला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून वीस लाखांवर रुपये लढ्यासाठी आणले होते. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, आणि बँक लुटून परतणाऱ्यांच्या कानी ती बातमी पडली तेव्हा त्यांचे काय झाले असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे. कॅम्पांच्या सगळ्या धाडी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवरच पडल्या असेही नाही. तेव्हा उस्मानाबादचे कलेक्टर असलेले मोहम्मद हैदर यांनी आपल्या आठवणींत हद्दीवरच्या मुसलमानांच्या भीतीबद्दल लिहिले आहे. ते पुस्तक मराठवाड्यात वाचले पाहिजे. लढा न्याय्य होता म्हणून त्यातले प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाही, हे म्हणायला आपण इतकी वर्षे का बिचकलो, मला समजत नाही.

ऑगस्ट. हैदराबादेत सात मुसलमान गृहस्थ जाहीर निवेदन काढतात: रझाकारांना आवरा, हिंदुस्थानाशी समझोता करा. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान ते छापतो. रझवीची धमकी येते, की विरोधात उठणारा हात छाटला जाईल. 22 ऑगस्टच्या अपरात्री कचेरीतून घरी परतताना शोएबुल्लाला गाठून गोळ्या घालतात आणि त्याचा हात तोडतात. त्या विणकराने सभेत इकडेतिकडे का बघितले होते ते आता तुम्हाला कळते. रझाकारांची दहशत हिंदूंवर होती, आणि गप्प राहू इच्छिणाऱ्या किंवा गप्प न राहणाऱ्या मुसलमानांवरही होती. पुढे या खुनाचा खटला रझवीवर चालला. शिक्षा टिकली ती बिबीनगर गावावरच्या दरोड्याची. सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये ती बहुमताने कायम केली. सात वर्षे.

13 सप्टेंबर 1948. पहाटे चारला मेजर जनरल जे. एन. चौधुरींचे सैन्य सोलापूरकडून आत शिरते. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडतो. 15 तारखेला सैन्य लातूरला पोचते. लाल किल्ल्यावर झेंडा लावणारी फौज कुठे दिसत नाही. ट्रकवरच्या त्या पोरासारखी पोरे बंदुका विहिरीत टाकून, खाकी जाळून, वाट फुटेल तिकडे पळतात. 17 ला संध्याकाळी निजाम शरण आल्याची बातमी येते. पाच दिवसांत संपले. रझवीला दोन दिवसांनी हैदराबादेत पकडतात. इथून पुढे त्याच्याभोवती सरकारचा पहारा आहे, त्याला वकील आहे, अपील आहे. त्याच्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही. कायद्याने असेच वागायला हवे आणि नव्या राज्याने त्याच्या बाबतीत तसे वागून दाखवले, याचा मला अभिमान वाटतो.

पण तुम्ही लातुरात थांबा. आनंद बघा आधी. घरादारावर तिरंगे लागले आहेत, बार्शीला गेलेल्या गाड्या परत येत आहेत, गोठ्यातली बोरमाळ बाहेर निघाली असेल. वर्षानुवर्षे मान खाली घालून जगलेल्या माणसांचा हा दिवस आहे. तो मोठा आहे, त्यात शंका नाही. दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते याच दिवसाचे.

आणि मग गोलाईत आरोळ्या उठतात. कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांची दारे फुटतात. कापडाचे तागे बाहेर ओढले जातात, चोपड्या फाडल्या जातात, तिजोऱ्या फुटतात. लुटीत बाहेरून आलेले आहेत आणि गावातलेही आहेत, त्याच पेढीवर उधारी असलेले. त्यानंतर माणसे मारली जाऊ लागतात. तुम्हाला वाटते एक रात्र चालेल. संपत नाही. दुसरा दिवस, पाचवा, दहावा. सुंदरलाल समितीच्या अहवालात लातूरबद्दल लिहिले आहे की ही कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते. समिती आली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून जास्त मारले गेले. बाकीचे जीव घेऊन पळाले, पार नागवले जाऊन. लातूर हे रझवीचे गाव, याचीही त्यात नोंद आहे. त्याच्या गावाने त्याचा हिशोब त्याच्या शेजाऱ्यांकडून वसूल केला.

रझवी तेव्हा कोठडीत होता. सभेत जो ओरडला नाही तो विणकर लातुरात होता.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून चौकशीसाठी पाठवले गेले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. राज्यभरात 27 ते 40 हजार माणसे मेली असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. म्हणजे आज ज्यांना आपण लातूर आणि नांदेड म्हणतो ते दोन्ही यात आहेत. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांनी लुटीत भाग घेतला किंवा चिथावणी दिली, असेही समितीने लिहिले. लष्करी अधिकाऱ्यांनी माणसे वाचवल्याचेही लिहिले. आणि हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना घरात दडवले, त्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला, प्रसंगी दिला, हे आवर्जून नोंदवले.

अशाच एका घरात तुम्हाला शिरायचे आहे. साळ्याचे घर, दोन खोल्या, मागच्या खोलीत माग. मागाच्या खड्ड्यात, जिथे विणकर पाय सोडून बसतो तिथे, एक बाई दोन मुलांना घेऊन बसली आहे. वर सुताची लडी पसरली आहे. दाराशी घोळका आला आहे. साळी दारात उभा आहे आणि त्याचा आवाज कापतो आहे.

“हितं कोन बी न्हाई. यायचं तर या आत. माजी लेकरं हैत, ती बगा.”

घोळक्यातला एकजण ओळखीचा आहे, याच्याकडूनच धोतरजोडी नेणारा. तो क्षणभर थांबतो, मागच्यांना म्हणतो, “चला रे, न्हाई हितं.” त्याला खरेच वाटले की त्याने सोडून दिले, कुणी सांगावे.

त्या वर्षी मोगलाईच्या भाषणांत ज्यांचा कधी उल्लेख झाला नाही, असे हे लोक होते: हप्त्यातले दोन रुपये भरणारा पाटील, बंदूक न पेलणारा पोरगा, मागच्या रांगेतला विणकर, दारात उभा राहिलेला साळी. रझवीने त्यांच्या नावाने राज्य मागितले किंवा त्यांच्यावर राज्य मागितले, त्यांना विचारले नाही. एखाद्या पुढाऱ्याचे चरित्र लिहायचे तर त्याच्या अटकेनंतरचे पान त्याच्या गावाच्या नावे लिहावे, असे मला वाटते. कासीम रझवीच्या बाबतीत ते पान आपण लिहिले नाही. रझाकारांनी काय केले ते मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे आणि माहीत असलेच पाहिजे. त्यानंतरचे वीस दिवस आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत, सप्टेंबरच्या भाषणांत नाहीत. आणि म्हणून त्याची गोष्ट आजही अर्धीच सांगितली जाते, ज्याला जो अर्धा भाग सोयीचा तो घेऊन.

आता समितीच्या बिऱ्हाडासमोर रांगेत उभे राहा. जिथे ते पोचू शकले नाहीत अशा 109 गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांनी येऊन त्यांना हकिगत सांगितली. तुमच्यापुढे एक विशीतला मुलगा आहे, खालच्या मानेने गाव सांगतो, घरात आधी किती माणसे होती ते सांगतो, आता किती ते सांगतो. त्याला विचारतात, रझाकारांत होतास का. नाही म्हणतो. लिहून घेतात.

अहवाल सरकारकडे गेला. सरदार पटेलांनी त्याच्या निष्कर्षांवर कडक आक्षेप घेतले. तो छापला गेला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना वाचायला मिळू लागला 2013 च्या सुमारास. तुमच्यापुढच्या त्या मुलाचे वय तोवर पंच्याऐंशी झाले असते.